काळजाला मुका मार

काळीपिवळी जीपमधी ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसायची एक जागा असती. हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो म्हणतो, उजव्या हाताला तर दार असतं. बराबर हाय. दार असतं, आन् दाराच्या आन् ड्रायव्हरच्या मधी आमच्याकडं एक माणूस असतो. ड्रायव्हर बिचारा डाव्या अंगाला सरकून तिरपा बसतो, पाय लांब करून ब्रेक शोधतो आन् स्टेरिंग आडव्या हातानं फिरवितो. म्हंजी स्टेरिंग हातात त्याच्या, पण छातीसमोर तुमच्या. तरी त्या जागेवरून भांडणं व्हतात. वारा लागतो, रस्ता दिसतो, आन् मागं कोंबलेल्या चौदा माणसांपेक्षा आपण जरा वरच्या दर्जाचे हावोत आसं वाटतं.

त्या दिवशी ती जागा मला भेटल्ती.

मी जाफराबादचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय माहं, पण लोकं मला वळखतात ते आवाजांसाठी. शाळेत असतानी एकदा मी हापिसातल्या माईकवरून मुख्याध्यापकांच्या आवाजात म्हणलो व्हतो, "सर्व विद्यार्थ्यांनी शांततेत घरी जावे." पोरं तर गेलीच, दोन मास्तर बी डबे घेऊन निघून गेले. खुद्द मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे राहून आठवून राह्यलते की आपण हे म्हणलो कधी. तव्हापासून तोंड गप ठेवणं मला जमलंच न्हाई.

दुकानाचं सामान आणायला जालन्याला चाललो व्हतो. भोकरदनहून गाडी निघाली तसा मी सुरू झालो. आधी यस्टीचा कंडक्टर केला. मंग सर्दी झालेला बोकड. मंग लग्नातला तो माईकवाला, जो "नवरदेवाचे मामा जिथं असतील तिथून" करून करून मामाला अर्धा तास शोधतो. मागची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडून राह्यलती. ड्रायव्हरच्या पलीकडं पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बाबा बसल्ते. ते काही हसले न्हाई. बोकड झाल्यावर फक्त एवढंच म्हणले, "बोकड बराबर व्हता."

एवढ्यावर थांबावं का न्हाई माणसानं? पण केदारखेड्याच्या अलीकडं मला पोलिसाची शिट्टी सुचली. ओठ दाबले, जीभ वळवली आन् सोडली. फुर्रर्रर्र!

एवढी सुंदर शिट्टी मी आयुष्यात काढली न्हाई. ड्रायव्हरच्या पायानं त्याच्या डोक्याला न विचारताच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मी काही थांबलो न्हाई. मी सरळ स्टेरिंगवर गेलो, छातीच्या मधल्या हाडावर. ढप! भरलेलं पोतं ट्रकवरून खाली टाकल्यावर येतो तसला आवाज.

"कुठाय? कुठाय साहेब?" ड्रायव्हर आरशात पाहून राह्यला. मागचे चार जण तर सवयीनं दार उघडून खाली उतरले आन् आमचा गाडीशी काही संबंध न्हाई आशा तोंडानं रस्त्याच्या कडंनं चालायला बी लागले.

माहा श्वास आत गेल्ता तो बाहेर येईना. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज कायच न्हाई. मंग एकदम "हॅंऽऽक" करून हवा आली, तर मागून टाळ्या! एक जण म्हणतो, "हे कोण हाय वळखा!" दुसरा म्हणला, "पाण्याचा पंप, हवा धरलेला!"

बाबांनी ड्रायव्हरच्या मांडीवरून वाकून माह्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणले, "नाटक न्हाई हे. रंग पाहा त्याचा."

गाडी मंग जालन्यापर्यंत कुठं थांबली न्हाई. त्या चार जणांना पळत पळत चढावं लागलं. राजूर गेल्यावर मला बोलता यायला लागलं, तसा ड्रायव्हर हळूच म्हणला, "भौ, एक हात जोडतो. दुसरा स्टेरिंगवर हाय म्हणून एकच. दवाखान्यात गाडीचं नाव काढू नको. उजव्या अंगाला माणूस बसविल्ता म्हणलं की माहं लायसन गेलं."

"मंग काय सांगू?"

"म्हशीनं मारलं म्हण," मागून कुणीतरी तोड काढली. "म्हशीला लायसन लागत न्हाई."

मला ते पटलं. खरं सांगतो, शिट्टी कुणाची व्हती हे ड्रायव्हरला अजून ठाऊक नव्हतं, आन् म्हशीच्या आड माहं बी झाकत व्हतं.

बाकी लोकं स्टँडवर उतरले. दवाखान्यात मला धरून ड्रायव्हर आला आन् मागं मागं बाबा आले. त्यांना जालन्यात दुपारशिवाय काम नव्हतं. म्हणले, पाहून जातो काय व्हतं ते.

डॉक्टर एक तरुण बाई व्हत्या. केसात पेन खोचलेला, डोळ्यात झोप साचलेली. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

आता मला कुणी "काय झालं" म्हणलं की मी नुसतं सांगू शकत न्हाई. मी करून दाखवितो. "म्याडम, सकाळी गोठ्यात गेलो. म्हैस आशी उभी. मी आसा. तिनं माह्याकडं पाह्यलं, हुंऽऽऽ..." मी रेकायला गेलो तर छातीत आशी कळ आली की म्हैस अर्ध्यातच मेली. सिस्टर तोंडाला हात लावून हसायला लागली. म्याडम हसल्या न्हाई.

"तुम्ही उभे होता की वाकलेले?"

"उभा व्हतो. एकदम ताठ."

"आणि तिनं छातीत मारलं?"

"बराबर मधोमध."

आता बाबांना राहवंना. "न्हाई," ते म्हणले. "उभ्या माणसाच्या छातीत म्हैस मारत न्हाई."

ड्रायव्हरनं खाली त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"पाय कामून दाबतो रे? म्हैस मान खाली घालती आन् खालून वर उचलती. मांडीत लागतं, पोटात लागतं. ह्याच्या छातीपर्यंत यायला म्हशीला स्टुलावर उभं करावं लागंल. चाळीस वर्सं म्हशी पाळल्या मी."

"बाबा, यांची म्हैस जरा उंच हाय," ड्रायव्हर म्हणला.

"मंग ती घोडी आसंल."

म्याडमनं माह्या शर्टाची बटणं उघडली. छातीवर लाल-जांभळी खूण उठल्ती. टोकदार न्हाई, शिंगासारखी तर बिलकुल न्हाई. चांगली वाकडी, गोलाचा तुकडा काढून चिकटवल्यासारखी. म्याडमनं ती बोटानं मोजली. मंग दोन्ही हात हवेत धरले, गाडी चालवितात तसे, आन् माह्या छातीपाशी आणले. बराबर बसले.

"गाडी कोणती?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर खालच्या स्टुलावर बसला. "काळीपिवळी," तो म्हणला.

मंग म्याडम थोड्या रागावल्या. म्हणल्या, "मार कशाचा, किती जोराचा, हे मला खरं कळलं तर मी कुठं शोधायचं ते ठरवते. हाड दुखतंय हे दिसतंच आहे. मला हाडाची काळजी नाही. त्या हाडाच्या अगदी मागं हृदय असतं, हाड आणि पाठीचा कणा यांच्या मध्ये. स्टेअरिंगवर आपटलं की ते मध्ये चेंगरू शकतं. वरून काही दिसत नाही."

"म्हंजी काळजाला बी मुका मार बसतो?" मी विचारलं. मुका मार म्हणलं की मला आजवर ढुंगण, पोटरी आन् पाठ एवढंच ठाऊक व्हतं.

"बसतो. आणि मग ठोक्यांची चाल अचानक बिघडू शकते. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं त्याला आधी सांगून होत नाही. तो घरी असला तर अवघड. तेवढं मला आज बघायचंय."

माहं सगळं हसू पोटात गेलं. मी कोरड्या तोंडानं शिट्टीचं बी सांगून टाकलं. आता मरायचंच तर हलकं होऊन मरावं.

ड्रायव्हरनं मान हळूहळू माह्याकडं वळविली. "ती शिट्टी तुही व्हती?"

"हां."

"मी केदारखेड्यापासून इचार करून राह्यलो की साहेब लपला कुठं." तो म्हणला. "बोकडावर थांबला आसता तर काय बिघडलं आसतं रे तुहं?"

"अपघात म्हणून नोंद करावी लागेल," म्याडम म्हणल्या. ड्रायव्हरनं नुसती मान हलविली. म्हणला, "करा. आधी ह्याचं पाहा."

मंग माह्या छातीवर ते बोळे, चिमटे, तारा. हातापायाला बी चिमटे. कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा मी पडलो. सिस्टर म्हणली, "हलू नका, बोलू नका." हे दोन्ही एका वेळी मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात मशिनीतून गुलाबी कागद बाहेर आला. म्याडमनं पाह्यला. चांगला व्हता. एक्स-रेच्या फोटोत हाड बी शाबूत निघालं. रक्त घेतलं, ते तपासायला गेलं.

"झालं!" ड्रायव्हर उठून उभा राह्यला. "बिलकुल ठीक हाय. चल भौ, जल्दी शर्ट घाल."

मी बी उठलो आसतो. कोण बसणार तिथं. पण आत काहीतरी व्हऊन राह्यलं व्हतं. दर दोन-तीन मिनिटाला, जिन्यावरून उतरतानी शेवटची पायरी चुकावी आन् पोटात खड्डा पडावा, तसं छातीत व्हायचं. कळ न्हाई, दुखणं न्हाई, नुसता एक झोका. मी सिस्टरला म्हणलो, "सिस्टर, काळीज अडखळून राह्यलंय."

ती हसून म्हणली, "आता हा कोणाचा आवाज?"

मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणला, "पुरे आता, लेका." बाबांना सांगितलं तर त्यांनी बारीक डोळे करून पाह्यलं, पण म्हैस नसल्यामुळं त्यांना ठरविता येईना.

मला पहिल्यांदा घाम फुटला. आयुष्यभर लोकांना मी खोट्याचं खरं वाटवून दिलं, आन् आता एक खरी गोष्ट सांगायची व्हती तर ती सुद्धा करमणूकच वाटून राह्यली. शब्दानं भागंना म्हणून मंग मी जे येतं तेच केलं. खाटंशेजारी तो स्टीलचा वाकडा ट्रे व्हता, कापसाचा. त्याच्यावर दोन बोटांनी वाजवून दाखविलं. टक. टक. टक. टक-टक. मंग एवढा मोठा थांबा. मंग टक.

म्याडम दुसऱ्या पेशंटचा कागद लिहून राह्यल्त्या. त्यांचा पेन थांबला.

"परत वाजवा."

टक. टक. टक. टक-टक. थांबा. टक.

"हे तुम्ही कुठं ऐकलंत?"

"आत," मी म्हणलो.

त्या उठून आल्या. एका हातानं मनगट धरलं, कानात नळी घातली आन् माह्या छातीवर ठेवून उभ्या राह्यल्या. एक मिनिट गेलं. दोन गेले. काळीज माहं एवढं शहाण्यासारखं चाललं की मला त्याचाच राग आला. म्हणलं, अरे, पाहुणे आले आन् आता पाठ विसरला का? बाबांनी तर स्वतःचा श्वास धरल्ता, त्यांचं तोंड लाल व्हत चाललं.

आन् आला! पायरी चुकली. त्याच वक्ताला माहं बोट ट्रेवर पडलं, टक-टक, आन् त्याच वक्ताला म्याडमची मान हलली. बाबांनी श्वास सोडला तो सगळ्या वॉर्डात ऐकू गेला.

"एक ठोका वेळेआधी येतोय, त्याच्या मागं थांबा पडतोय," म्याडम म्हणल्या. "ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो. हा ठोका त्या फोटोत आलाच नाही." मंग त्यांनी सिस्टरला हाक मारली. "लांब पट्टी काढा. आणि मॉनिटर लावा. हे कुठं जात नाहीत आज."

लांब पट्टीत ती पायरी तीनदा सापडली. म्याडमनं पेनानं गोल करून मला दाखविली. मला येडा आनंद झाला. परीक्षेत कुणी माह्या उत्तराभोवती गोल केला नव्हता, चूक असल्याशिवाय. हे बी चूकच व्हतं म्हणा.

रक्ताचा रिपोर्ट आला तो बी जरासा वर. म्याडमनं समजावून सांगितलं, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो, तो मोजतात. "आत्ता थोडा आहे. संध्याकाळी परत रक्त घेऊ. आकडा चढत गेला तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. उतरला तर काळजी नाही. तोपर्यंत आवाज बंद. शिट्टी तर अजिबात नाही."

सगळं त्या संध्याकाळच्या आकड्यावर येऊन थांबलं.

बाबा दुपारी गेले. जातानी माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, "बोकड चांगला करतो तू. म्हैस शिकून घे." ड्रायव्हर मात्र गेला न्हाई. गाडी बाहेर उभी करून दर अर्ध्या तासाला पडदा सरकवायचा आन् मॉनिटरकडं पाहून विचारायचा, "किती हाय?" मी म्हणायचो, ब्याऐंशी. तो "बराबर" म्हणून जायचा. ब्याऐंशी चांगलं का वाईट हे दोघांना बी ठाऊक नव्हतं.

दीड वाजता आई आली, जाफराबादहून यस्टीनं. खाटंपाशी आली, तारा पाह्यल्या, आन् पहिला प्रश्न आसा: "काय करून दाखवून राह्यला व्हतास?" ठोकर बसली का, दुखतंय का, काही न्हाई. एकवीस वर्सं सांभाळलं तिनं, तिला रोग ठाऊक व्हता.

"पोलिसाची शिट्टी," मी बारीक आवाजात म्हणलो.

"जमली का?"

"लई."

तिनं कपाळावर हात मारला आन् मंग तोच हात माह्या कपाळावर ठेवला. तो लवकर काढला न्हाई.

तीन वाजता इको केला. थंडगार जेली लावून एक माणूस छातीवर यंत्र फिरवून राह्यला आन् समोर पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघड-झाक करून राह्यलं. तेच माहं काळीज. मला वाटलं व्हतं पत्त्यातल्या बदामासारखं आसंल. ते तर पाण्यात मासा तोंड उघडतो तसं निघालं, काम करून थकलेला मासा. मंग त्या माणसानं आवाज चालू केला. व्हुश-श्प, व्हुश-श्प, व्हुश-श्प! आसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला राहवलं न्हाई. ओठ आपोआप वळले, व्हुश...

"हलू नका!" तो माणूस म्हणला. मंग थोड्या वेळानं, मान न वळविता, "श्प जरा लांब आहे."

त्याच्या तोंडाकडं पाहून मी काळजाचं काही कळतंय का शोधून राह्यलो. दगड. बैल पारखणारा आसतो तसा. शेवटी म्याडम आल्या, दोघं पडद्यापाशी डोकं लावून बोलले. हृदयाभोवती रक्त-पाणी साचलं नव्हतं. झडपा ठीक व्हत्या. फक्त उजव्या कप्प्याची पुढची भिंत, हाडाच्या मागं लागून असलेली, जराशी आळसात हालून राह्यली व्हती. "तिथं बसलाय मार," म्याडम म्हणल्या.

साडेचारला परत रक्त गेलं. त्याच्या पुढचा एक तास मला सांगता येत न्हाई. मी बोललो न्हाई एवढं सांगतो. ड्रायव्हर आत येऊन आईपाशी खाली बसला. आई म्हणली, "दादा, तुम्ही सकाळपासून जेवले का?" तो म्हणला, "न्हाई मावशी, घास उतरत न्हाई." मंग त्यानं तिच्या डब्यातल्या दोन भाकरी खाल्ल्या. मी मॉनिटर पाहत पडलो. पायऱ्या कमी झाल्या व्हत्या. आधी दर दोन मिनिटाला, आता दहाला एखादी. पण कमी झाल्या की मला वाटून राह्यलं, ती एखादी मोठी तयारी करीत आसंल.

म्याडम आल्या तव्हा हातात कागद व्हता. त्या चालत चालत वाचून राह्यल्त्या, आन् त्यांच्या चालण्यावरून काही कळंना. खाटंपाशी येऊन थांबल्या.

"उतरलाय," त्या म्हणल्या.

"म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हणजे मार बसला, पण हलका. वाढत नाहीये. आजची रात्र तारा राहू द्या, सकाळी परत पट्टी काढू, ठीक असेल तर घरी. तीन-चार आठवडे ओझं नाही, पळणं नाही. मग मला परत दाखवायचं."

मला उठून नाचायचं व्हतं. ते न्हाई तर ओरडायचं व्हतं, कंडक्टर, माईकवाला, बोकड, सगळे एकदम. पण आवाज बंद, हलणं बंद. मंग तो सगळा आनंद जायला जागाच न्हाई म्हणून मॉनिटरवर गेला. ब्याऐंशी. सत्त्याण्णव. एकशे दहा. एकशे एकवीस. मशीन कोकलायला लागली. सिस्टर पळत आली, बटण दाबलं, माह्या तोंडाकडं पाह्यलं. माह्या डोळ्यातून पाणी आन् तोंड ह्या कानापासून त्या कानापर्यंत.

"काय झालं ह्याला?" आई घाबरली.

"काही न्हाई मावशी. खुशी झाली त्याला," सिस्टर म्हणली.

"खुशी हळू कर रे," ड्रायव्हर मॉनिटरकडं पाहून म्हणला. "शंभरच्या आत ठेव."

आईनं लगेच माह्या मावशीला फोन लावला. तिच्या फोनचा स्पीकर आधीच बिघडलेला, कमी होत न्हाई. दुकान माहं मोबाइल दुरुस्तीचं, पण घरचा फोन कोण दुरुस्त करतो? सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

"मुका मार हाय गं."

"मंग एवढं काय? हळद गरम करून लाव."

"आत हाय. काळजाला."

तिकडं मावशीनं वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मंग म्हणली, "मंग कुठून लावशील?"

आईनं फोन छातीशी धरला आन् म्याडमकडं वळली. एकदम गंभीर तोंड. "म्याडम, आतल्या मुक्या माराला हळदीचं काय करावं?"

म्याडमनं डोळे चोळले. सकाळपासून त्या पहिल्यांदा हसल्या.

"दुधातून द्या," त्या म्हणल्या. "चिमूटभर."

आई फोनमधी म्हणली, "ऐकलं का? डॉक्टरनं हळदच लिहून दिली." आन् तिनं माह्याकडं आसं पाह्यलं, जसं काही दिवसभराच्या त्या सगळ्या तारा, कागद, रक्त, सगळं ह्या एका औषधापर्यंत पोचायला व्हतं.